रक्तवाहिनीची कल्हई
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी हृदयविकाराचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा दोन गोष्टी माझ्या मनात होत्या. पहिली म्हणजे बायका मला वारंवार विचारतात तो प्रश्न, "यांचा कार्डिओग्राम मागच्याच महिन्यात अगदी चांगला आला होता, मग झटका आला कसा?" दुसरी गोष्ट ही प्रश्न नव्हे, समजूत आहे. हा आजार पुरुषांचा. बाईच्या छातीत दुखले तर तो गॅस किंवा पित्तच असावयाचे. या प्रश्नाचे उत्तर आणि या समजुतीचे निराकरण ही दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे रक्तवाहिनीचे आतले अस्तर. आज त्याच्याविषयीच मी बोलणार आहे.

हृदय आपल्या साऱ्या शरीराला रक्त पुरविते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते ज्या धमन्यांतून मिळते त्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. त्या हृदयाच्या पृष्ठभागावरून वेलीसारख्या पसरलेल्या असतात आणि मुळाशी त्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे साधारण एखाद्या ज्वारीच्या दाण्याएवढी असते. त्यांपैकी एखादी एकाएकी बंद पडली तर तिच्यावर अवलंबून असलेला हृदयाचा भाग रक्ताविना मरू लागतो. यालाच आपण झटका म्हणतो. रोहिणी अशी एकाएकी बंद होऊनही माणूस वाचू शकतो आणि त्याचा आजार जिवंतपणी ओळखता येतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१२ साली दाखवून दिले.

ती बंद कशी पडते, याचे एक चित्र आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. मोरीच्या नळात जसा वर्षानुवर्षे गाळ साचतो तशी रोहिणीत चरबी साचते, वाट अरुंद होत जाते आणि एक दिवस नळ तुंबतो. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. ते पूर्ण मानले की फसगत होते. नळ जर हळूहळू तुंबत असेल तर आधी पाणी बारीक व्हावयास हवे. म्हणजे चालताना धाप लागावी, जिना चढताना छाती भरून यावी. प्रत्यक्षात कित्येकांना असे काहीच होत नाही आणि पहिली सूचना म्हणून एकदम झटकाच येतो. तेव्हा नळाच्या चित्रात काहीतरी उणे आहे, हे उघड आहे.

उणे आहे ते अस्तर. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पितळेची पातेली वापरात होती त्यांना कल्हई म्हणजे काय हे सांगावयास नको. कल्हई शाबूत आहे तोवर पातेल्यात चिंचेचे सार करा की ताक ठेवा, काही बिघडत नाही. कल्हई उडाली की तेच ताक कळकते. पातेले तेच, आकार तोच, बाहेरून घासूनपुसून लखलखीत. दोष असतो तो आतल्या पातळशा थरात. रक्तवाहिनीलाही आतून असाच एक थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण अंतःस्तर म्हणू. त्याची जाडी फक्त एका पेशीएवढी असते. फरशीवर लादी शेजारी लादी बसवावी तशा या पेशी एकमेकींना लागून बसलेल्या असतात आणि रक्ताचा स्पर्श होतो तो केवळ त्यांना.

परंतु कल्हई निर्जीव असते आणि हा थर जिवंत व उद्योगी असतो. हे जगाला फार उशिरा कळले. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन येथे रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या रोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत. ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य घातले की पट्टी आकसावयाची, हा त्यांचा अनुभव होता. १९७८ साली सहायकाकडून प्रयोगाच्या पायऱ्यांत काही गफलत झाली आणि आकसण्याऐवजी रोहिणी सैल पडली. फर्चगॉट यांनी ही गोष्ट झटकून टाकली नाही. शोध घेता त्यांना आढळले की, पूर्वी पट्टी तयार करताना तिचे आतले अस्तर नकळत घासले जाऊन निघून जात असे. अस्तर शाबूत असले तर रोहिणी सैल होते. ते गेले की तीच रोहिणी आकसते. मग त्यांनी अस्तर गेलेली एक पट्टी आणि अस्तर असलेली दुसरी पट्टी आतली बाजू आत करून एकमेकींवर ठेवल्या. पाहतात तो, अस्तर गेलेली पट्टीही सैल पडली! याचा अर्थ असा की अस्तरातून काहीतरी पाझरते आणि तेच रोहिणीला सैल करते. हा शोध १९८० साली प्रसिद्ध झाला.

ते पाझरणारे द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, हे १९८६-८७ च्या सुमारास ठरले. शरीरात तो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात पुष्कळ कामे करतो. तो रोहिणी रुंद ठेवतो, रक्तातील गुठळी बांधणाऱ्या कणांना भिंतीला चिकटू देत नाही आणि दाह वाढविणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही दूर ठेवतो. या शोधाबद्दल फर्चगॉट, लुइस इग्नारो आणि फेरिड मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातील योगायोग पाहण्यासारखा आहे. ज्या आल्फ्रेड नोबेल यांच्या नावाचे हे पारितोषिक, त्यांनी नायट्रोग्लिसरीनपासून सुरुंगाची दारू तयार करून संपत्ती मिळविली. आणि उतारवयात त्यांच्या स्वतःच्या हृदयविकारावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सुचविले. छातीत दुखू लागले की जिभेखाली गोळी ठेवतात ती याच कुळातली. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइडच देते, म्हणजे थकलेल्या अस्तराचे काम थोडा वेळ बाहेरून करते.

आता हे अस्तर बिघडते कशाने? तंबाखूने, वाढलेल्या रक्तदाबाने, मधुमेहाने, रक्तातील जादा कोलेस्टेरॉलने, वाढत्या वयाने. बिघडते म्हणजे आधी फाटत नाही, आधी ते आपले काम सोडते. १९८६ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी रुग्णांच्या हृद्‌रोहिणीत तेच ॲसिटिलकोलीन सोडून पाहिले. निरोगी रोहिणी रुंद झाल्या. जेथे रोग शिरला होता तेथे त्या उलट आकसल्या. सशाच्या पट्टीत दिसले होते तेच माणसाच्या हृदयात दिसले. पुढे १९९२ साली लंडनमध्ये याची सोपी परीक्षा निघाली. हाताला रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटे आवळून सोडावयाचा आणि दंडातील रोहिणी किती रुंद होते ते ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहावयाचे. कोलेस्टेरॉल जन्मजात वाढलेल्या लहान मुलांतसुद्धा ती नीट रुंद होत नाही, असे त्यात आढळले. हा रोग म्हातारपणी सुरू होत नाही, याचा आणखी एक पुरावा त्याआधीच मिळाला होता. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये तपासली गेली. त्यांचे सरासरी वय २२ वर्षांचे होते, तरीही शंभरांतील सत्याहत्तर जणांच्या हृद्‌रोहिणीत रोगाच्या खुणा होत्या. ही माहिती १९५३ साली प्रसिद्ध झाली.

अस्तर कमजोर झाले की रक्तातले कोलेस्टेरॉल भिंतीत झिरपते आणि तेथे अडकते. ते उचलून नेण्यासाठी पांढऱ्या पेशी मागोमाग आत शिरतात, चरबी खाऊन फुगतात आणि तेथेच मरतात. असा चरबीचा व मेलेल्या पेशींचा एक मऊ गोळा तयार होतो. शरीर त्यावर धाग्यांचे एक आवरण घालते. या साऱ्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. स्वयंपाकघरातली उपमा द्यावयाची तर ही पुरणपोळी आहे. आत मऊ पुरण, वर कणकेची पारी. पारी चांगली असली तर पोळी फुटत नाही. पुरण जास्त आणि पारी पातळ झाली की जरा धक्का लागताच पोळी फुटते व पुरण तव्यावर येते. रोहिणीत नेमके हेच होते. आतल्या पांढऱ्या पेशी दाहामुळे आवरणाचे धागे कुरतडत राहतात. जी प्लाक फुटली तिचे आवरण मोजून पाहिले, तेव्हा ते बहुधा मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहूनही पातळ, म्हणजे केसाहून बारीक निघाले. अशा पातळ पारीच्या प्लाकला अस्थिर प्लाक म्हणतात. ती फुटली की आतली चरबी रक्ताला लागते, रक्ताला वाटते जखम झाली, आणि काही मिनिटांत तेथे गुठळी धरते. बोट कापले असता जी गुठळी आपला जीव वाचविते, तीच येथे जिवावर उठते.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. १९८७ साली शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह यांनी दाखविले की प्लाक वाढू लागली की रोहिणी बाहेरच्या बाजूने फुगून तिला जागा करून देते. आतली वाट पुष्कळ काळ मोकळीच राहते. १९८८ साली अमेरिकेतील दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी, झटका आलेल्या रुग्णांची आधी कधी काढलेली चित्रे काढून पाहिली. ज्या जागी पुढे गुठळी झाली ती जागा बहुतेकांत आधी निम्मीसुद्धा अरुंद नव्हती. कार्डिओग्राम किंवा पट्ट्यावर चालविण्याची परीक्षा रक्त कमी पडते आहे का, एवढेच सांगते. वाट मोकळी असेल तर ती परीक्षा चांगलीच येणार. ती खोटी नव्हती. पारी किती पातळ आहे हे सांगणे तिचे कामच नव्हते. म्हणून चांगला रिपोर्ट हातात आला म्हणजे छातीतील नव्या दुखण्याकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना मिळाला, असे समजू नये.

आता बायकांविषयी. प्लाक फुटणे हा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात प्लाक फुटत नाही. तिच्यावरचे अस्तर तेवढे झडते आणि उघड्या पडलेल्या जागेवर गुठळी धरते. अगदी कल्हई उडाल्यासारखे! या प्रकाराचा बारकाईने अभ्यास मूळच्या भारतीय असलेल्या व अमेरिकेत काम करणाऱ्या डॉ. रेणू विरमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. अचानक मृत्यू पावलेल्यांच्या रोहिणी तपासून त्यांनी दाखविले की, अस्तर झडण्याचा हा प्रकार पन्नाशीच्या आतील स्त्रियांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळतो. तिसरा एक प्रकार असा की, मोठ्या रोहिणी चांगल्या असतात, पण चित्रात न दिसणाऱ्या बारीक रोहिणींचे अस्तर काम करीत नाही. अमेरिकेत १९९६ साली खास स्त्रियांवर सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा पुष्कळ स्त्रिया आढळल्या. अँजिओग्राफी चांगली आली म्हणून त्यांना 'तुम्हांला काही झालेले नाही' असे सांगून घरी पाठविण्यात येत असे. दुखणे मात्र खरे होते, आणि पुढे त्यांना हृदयाचा त्रास होण्याचा संभवही इतरांहून अधिक होता.

१९९१ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक डॉ. बर्नाडिन हीली यांनी याला एक नाव दिले. शिकता यावे म्हणून पुरुषाचा वेष घेणाऱ्या येंट्‌ल नावाच्या मुलीची एक गोष्ट आहे. हीली म्हणाल्या, हृदयविकारात बाईची गत तीच आहे. आपला आजार पुरुषासारखाच आहे हे तिने सिद्ध केले, तर तिला पुरुषासारखे उपचार मिळतात.

आपल्याकडे यात आणखी भर पडते ती आपल्या स्वभावाची. घरातल्या पुरुषाने छातीवर हात ठेवला तर सारे घर धावते. बाईच्या छातीत दुखले तर ती आधी ओवा खाते, मग सर्वांची पाने वाढते, मागची आवराआवर करते आणि रात्री पाठ टेकल्यावर कोणाला तरी सांगते. तोवर हृदयाचा जो भाग वाचविता आला असता तो गेलेला असतो. रोहिणी पूर्ण बंद झाली तर सुमारे वीस मिनिटांनंतर हृदयाचे स्नायू मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत बरेचसे नुकसान कायमचे होते. भगिनींनो, माझ्या आजच्या बोलण्यातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे मात्र विसरू नका.

स्त्रियांना छातीत दुखत नाही असे कोणी सांगते, तेही बरोबर नाही. बायकांतही छातीत दुखणे, दडपणे किंवा जळजळणे हेच सर्वांत अधिक आढळणारे लक्षण आहे. मात्र त्याच्या जोडीला धाप, मळमळ, दरदरून घाम, जबडा, खांदा किंवा पाठ दुखणे, कधी न आलेला थकवा ही लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात आणि त्यामुळे दिशाभूल होते. असा त्रास दहा-पंधरा मिनिटे टिकला तर घरगुती उपाय करीत बसू नये. आपल्या राज्यात १०८ या क्रमांकावर फोन केला असता रुग्णवाहिका येते. स्वतः चालत किंवा स्कूटरवरून जाऊ नये. ॲस्पिरिनच्या गोळीचा येथे फार उपयोग होतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. झटक्यानंतर लगेच सुरू करून महिनाभर दिलेल्या साध्या ॲस्पिरिनने मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी झाले. परंतु ज्यांना तिचे वावडे आहे किंवा रक्तस्राव होतो त्यांना ती घातक आहे. म्हणून फोनवरील अथवा समोरच्या डॉक्टरांना विचारूनच ती द्यावी, आणि निरोगी माणसाने शेजारणीचे ऐकून ती रोज घेऊ नये.

आता हे अस्तर राखावयाचे कसे? २००४ साली ५२ देशांतील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख डॉ. सलीम युसुफ हे बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मनाचा ताण, भाज्या-फळांची उणीव, मद्य आणि व्यायामाचा अभाव या नऊ गोष्टींत पहिल्या झटक्यांचा दहांतील नऊ हिस्से धोका सामावलेला आहे, असे त्यात दिसले. त्याच अभ्यासात आढळले की, आपल्या भागातील देशांत पहिला झटका सरासरीने ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५९ च्या सुमारास. बायकांना तो पुरुषांहून नऊ वर्षे उशिरा येतो. पाळी चालू असेपर्यंत शरीरातील स्त्रीरसांचे अस्तराला पाठबळ असते. पाळी गेली की ते सरते. मात्र ते पाठबळ गोळ्यांनी परत आणता येईल ही आशा फोल ठरली. २००२ साली तशा गोळ्यांचा एक मोठा प्रयोग, लाभाहून अपाय अधिक दिसल्यामुळे, मध्येच थांबवावा लागला. आणखी एक गोष्ट लेकीसुनांसाठी सांगते. गरोदरपणी ज्यांचा रक्तदाब फार वाढला होता किंवा साखर आढळली होती त्यांनी बाळंतपणानंतर 'झाले गेले' म्हणू नये. ती पुढल्या आयुष्याची सूचना असते. त्यांनी दर वर्षी दाब व साखर तपासून घ्यावी.

तंबाखू म्हटली की आपल्याला विडी-सिगारेट आठवते आणि आपण सुटलो असे वाटते. परंतु मशेरी ही तंबाखूच आहे. दात घासावयाचे निमित्त असते, पण विष अंगात भिनतेच. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीने असल्याचे याच अभ्यासात दिसले. घरात दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचा धूरही अस्तराला बाधतो. वनस्पती तुपातली घातक चरबी आता कायद्याने आवळली आहे. २०२२ पासून तेला-तुपात तिचे प्रमाण शंभरात दोनहून अधिक चालत नाही. पण बाहेरच्या तळणात तेच तेल किती वेळा तापविले, हे कायद्याला दिसत नाही. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठ मोजा. दिवसाला एका माणसाला एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ पुरे. आणि चाला. घरात दिवसभर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. आठवड्यातून दीडशे मिनिटे, जराशी धाप लागेल असे चालावे. चालताना रक्ताचा ओघ वाढतो, तो अस्तरावरून घासत जातो आणि त्याच घर्षणाने अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक सोडते. हा कल्हई लावण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शेवटी गोळ्यांविषयी. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन नावाची औषधे अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञांच्या शोधातून निघाली. हजारो बुरश्या तपासल्यानंतर त्यांना हवे ते द्रव्य क्योतो येथील धान्याच्या दुकानातल्या तांदळावरील बुरशीत सापडले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात या औषधाने मृत्यू शंभरी तीसने कमी झाले. मौज अशी की, रोहिणींची चित्रे काढून पाहिली तर वाट जेमतेमच रुंद झालेली दिसे. मग मृत्यू कमी कसे झाले? आतले पुरण आटले, पारी जाड झाली, अस्तर सुधारले, म्हणून. ही सुधारणा बाहेरून दिसत नाही. तेव्हा कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आला म्हणून मनाने गोळी बंद करणे म्हणजे छप्पर गळत नाही म्हणून कौले काढून ठेवणे होय. त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा औषध बदलून देतात.

स्टेंटविषयीही हेच ध्यानात ठेवावे. झटका चालू असताना बंद रोहिणी उघडणारा स्टेंट प्राण वाचवितो. तेथे वेळ दवडू नये. परंतु ज्यांचा त्रास स्थिर आहे, त्यांच्यात औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यू कमी होत नाहीत, असे २००७ आणि २०२० सालच्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसले. छातीचे दुखणे मात्र कमी होते. कारण उघड आहे. स्टेंट एका जागेचा असतो, रोग साऱ्या अस्तराचा. म्हणून स्टेंट बसला तरी पथ्य आणि गोळ्या चालूच राहतात.

भगिनींनो, घरातले कोणते भांडे कळकण्याच्या बेताला आले आहे हे आपल्याला वास येण्याआधी कळते. रक्तवाहिनीचे तसे नाही. ती आतून दिसत नाही. दिसतो तो रक्तदाबाचा आकडा, साखरेचा आकडा आणि कोलेस्टेरॉलचा आकडा. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीने हे तीन आकडे स्वतःचे म्हणून ठाऊक करून घ्यावेत. नवऱ्याचे व सासूबाईंचे ते आपल्याला पाठ असतात, स्वतःचे नसतात. मंडळाने पुढच्या वर्षी या तीन तपासण्यांचा एक दिवस ठेवावा, एवढी विनंती कार्यकारी मंडळाला करते.